सासूबाईंची एफडी मोडू नका

प्रश्न:

आम्ही इंडियानातल्या कोलंबस शहरात गेली काही वर्षं भाड्याने राहतो. मागच्या वर्षी एकदाची आमची ग्रीन कार्डं आली आणि आता घर घ्यावं असं वाटतंय. शहरातल्या किमती आमच्या आवाक्याबाहेर गेल्यात. शेजारच्या जेनिंग्ज काउंटीत, नॉर्थ व्हर्ननच्या बाहेर, दीड एकरावरचं तीन बेडरूमचं घर आम्हाला आवडलंय. किंमत २,४०,००० डॉलर. विहीर आणि सेप्टिक टँक आहे, मागे एक मोठं पत्र्याचं कोठार आहे. एजंट म्हणाली, तिथे यूएसडीएचं, म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या योजनेतलं, कर्ज मिळेल आणि डाउन पेमेंट शून्य.

यांचा पगार वर्षाला ९४ हजार, ओव्हरटाइमचे साधारण ५ हजार वेगळे. मी शाळेत मदतनीस आहे, माझे २४ हजार. ऑगस्टपासून मला पूर्ण वेळ करतील अशी चर्चा आहे. मुलं ५ आणि ९ वर्षांची, त्यांच्या शाळेनंतरच्या पाळणाघराला महिना ६०० डॉलर जातात. शिल्लक ३० हजार डॉलर. सासूबाई सध्या सहा महिन्यांसाठी पुण्याहून आल्यात. त्यांचं म्हणणं, "सरकारी घरकुल घ्यायची वेळ आलीय का आपल्यावर? माझी २५ लाखांची एफडी मोडा आणि २० टक्के भरून ताठ मानेने घर घ्या." डॅलसचे दीरही तेच म्हणतात. यांना दोन्ही पटतं. मला काहीच ठरवता येत नाही. आईंचे पैसे घ्यावेत का? त्या इथे आहेत तर घरातली पाचवी व्यक्ती म्हणून दाखवता येतील का?

– एक वाचक, कोलंबस

उत्तर:

नमस्कार ताई,

पत्रात सगळे आकडे दिलेत, त्यामुळे मोघम बोलण्याची वेळ आली नाही. आधी निर्णय सांगते, मग कारणं. सासूबाईंची एफडी जिथे आहे तिथेच राहू द्या. घर तपासणीत नीट निघालं तर यूएसडीएचं कर्ज घ्या. आणि तुमच्या ३० हजारांपैकी निम्म्याहून जास्त रक्कम घर घेतल्यानंतरही खात्यात शिल्लक राहील असं बघा.

आता सासूबाईंच्या "घरकुला"बद्दल. त्यांच्या डोळ्यांसमोर आपली ग्रामपंचायतीतली यादी आणि अनुदानाचे हप्ते आहेत, त्यात त्यांची काही चूक नाही. पण हे अनुदान नव्हे. तुम्ही नेहमीच्या बँकेकडून किंवा मॉर्गेज कंपनीकडून ३० वर्षांचं, ठरलेल्या व्याजाचं कर्ज घेता आणि पै न् पै फेडता. कृषी खातं बँकेला फक्त हमी देतं: तुम्ही बुडवलंत तर तिच्या नुकसानीतला मोठा वाटा आम्ही उचलू. या हमीच्या जोरावर बँक डाउन पेमेंट न घेता पैसे द्यायला तयार होते. हमीची किंमतही तुमच्याकडूनच वसूल होते, त्यामुळे फुकट खाल्ल्याची भावना मनातून काढून टाका. योजनेचं मूळ १९४९ च्या गृहनिर्माण कायद्यात आहे. तेव्हा ती शेतकऱ्यांसाठी होती, आता गावात राहणाऱ्या कोणाही नोकरदारासाठी आहे. उत्पन्नाची मर्यादा त्या भागातल्या मधल्या उत्पन्नाच्या ११५ टक्के असते. म्हणजे सरासरी कुटुंबापेक्षा थोडं जास्त कमावणाराही यात बसतो. खरोखर कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी कृषी खात्याचं वेगळं, थेट कर्ज आहे, त्यात व्याजाला सवलत मिळते. तुमचा त्याच्याशी संबंध नाही. दिरांना एवढं सांगितलंत तरी पुरे.

तुम्ही जागा निवडलीत ती योजनेत बसण्यासारखी आहे. कोलंबस पन्नास हजार वस्तीचं शहर, तिथे हे कर्ज मिळत नाही. जेनिंग्ज काउंटी पूर्ण धरली तरी २८ हजारांच्या आत आणि नॉर्थ व्हर्नन तर सात हजारांच्या आसपास. तरीही काउंटीच्या नावावर भिस्त ठेवू नका. यूएसडीएच्या पात्रता नकाशावर त्या घराचा पूर्ण पत्ता स्वतः टाका आणि निकालाचं पान जपून ठेवा. एजंटच्या "मिळेल हो"वर कोणीही दोन-अडीच लाख डॉलरचा व्यवहार करू नये.

उत्पन्नाचं गणित मात्र नीट बघू, कारण इथेच लोक फसतात. २०२५ च्या जूनमध्ये बहुतेक काउंट्यांसाठी जी मर्यादा आली ती चार माणसांपर्यंतच्या घराला १,१९,८५० डॉलर आणि पाच ते आठ माणसांच्या घराला १,५८,२५० डॉलर आहे. अर्ज करताना त्या दिवशीचा आकडा पुन्हा बघा, तो बदलत राहतो. तुमचे दोन पगार मिळून १,१८,००० होतात, म्हणून तुम्ही निर्धास्त असाल. पण ओव्हरटाइमही धरतात, मग बेरीज १,२३,००० वर जाते आणि पोटात गोळा येतो. घाबरू नका, अजून वजाबाकी राहिलीय. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना नोकरीसाठी पाळणाघरात ठेवावं लागतं तो खर्च वजा होतो, तुमच्या बाबतीत वर्षाला ७,२००. शिवाय प्रत्येक मुलामागे चार-पाचशे डॉलर. म्हणजे तुम्ही १,१५,००० च्या आत येता. पाळणाघराच्या पावत्या किंवा चेकच्या नोंदी आजच एका फाइलमध्ये लावा. तोंडी सांगितलेला खर्च वजा होत नाही.

ऑगस्टच्या बढतीचं काय? उत्पन्न मोजतात ते पुढच्या बारा महिन्यांचं. नुसती चर्चा असेल तर ती धरत नाहीत, पण शाळेने पत्र दिलं असेल तर ती ठरलेली गोष्ट झाली आणि बँकेला सांगावीच लागेल. तुमचा पगार ३३ हजार झाला तर सगळ्या वजाबाक्यांनंतरही तुम्ही मर्यादेबाहेर जाल. लपवाछपवी अजिबात नको. बँक शाळेला फोन करून नोकरीची खात्री करून घेते, आणि खोटी माहिती देऊन सरकारी हमीचं कर्ज घेणं हा गुन्हा आहे. पण घर घ्यायचं पक्कं असेल तर अर्ज ऑगस्टची वाट बघत लांबवण्यातही शहाणपण नाही. क्लोजिंग (खरेदीच्या अंतिम सह्या) झाल्यावर पगार वाढला तर हमीच्या कर्जात कोणी विचारायला येत नाही.

सासूबाई पाचव्या म्हणून दाखवता येतील का? नाही. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई पाहुण्या आहेत, त्या घरच्या कायमच्या रहिवासी नाहीत. त्यांना मोजायचं म्हटलं तर त्यांचं उत्पन्नही मोजावं लागतं, पुण्याच्या एफडीचं व्याजसुद्धा. नको ते खटलं अंगावर घेऊ नका. तुम्ही चौघं म्हणूनच पात्र ठरता.

आता पत्रातल्या मुख्य प्रश्नाकडे येते. २५ लाख म्हणजे आजच्या दराने साधारण २८ हजार डॉलर. तुमचे ३० हजार त्यात घातले की ५८ हजार. घराच्या किमतीचे २० टक्के होतात ४८ हजार, क्लोजिंगला पाच-सहा हजार धरा. म्हणजे ते पैसे तुमच्या खात्यात आले की २० टक्के भरून, पीएमआयशिवाय (हा कमी डाउन पेमेंटवर लागणारा कर्जाचा विमा), साधं म्हणजे सरकारी हमी नसलेलं कर्ज घेण्याइतके तुम्ही सधन झालात. आणि यूएसडीएचा नियम असा आहे की ज्याला असं साधं कर्ज मिळू शकतं, त्याला हमीचं कर्ज देत नाहीत! निवृत्तीच्या खात्यातले पैसे त्यात मोजत नाहीत, पण बचत खात्यातले मोजतात. तुमच्या उत्पन्नाच्या मानाने हप्ता छोटा आहे, गाडीचा हप्ता असला तरी बाकीच्या अटीही तुम्ही पार कराल. थोडक्यात, आईंनी प्रेमाने पाठवलेले पैसे आल्याबरोबर शून्य डाउन पेमेंटची वाट बंद होण्याची दाट शक्यता. "आधी पैसे मागवून ठेवू, मग बघू" हा बेत म्हणून चालणार नाही. बँक गेल्या काही महिन्यांची स्टेटमेंटं बघते आणि मोठी जमा दिसली की कुठून आली ते विचारते.

हे पैसे मागवताना तिकडेही झळ बसतेच. सासूबाई भारतातल्या रहिवासी म्हणून एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना) तुमच्या यजमानांना भेट पाठवू शकतात, वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा आहे. पण एका आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर गेलेल्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापून घेते. २५ लाख पाठवायचे तर वरच्या १५ लाखांवर ३ लाख रुपये आधी बाजूला काढावे लागतील. ते रिटर्न भरल्यावर परत मिळतात, पण सासूबाईंचं उत्पन्न करपात्र नसेल तर परताव्यासाठी मुद्दाम रिटर्न भरून थांबावं लागेल. मुदतीआधी एफडी मोडल्यावर बहुतेक बँका व्याजही कमी करतात. या सगळ्याचा त्रास कोणाला? सत्तरीतल्या बाईला, जिच्या औषधपाण्याची सोय त्या एफडीतून होते.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मी एकतर्फी बोलले असं होईल. व्याज साडेसहा टक्के धरा. यूएसडीएच्या कर्जात सुरुवातीला १ टक्का हमी शुल्क लागतं, ते कर्जातच मिळवलं की कर्ज २,४२,००० च्या थोडं वर जातं आणि हप्ता साधारण १,५३० डॉलर बसतो. शिवाय दरवर्षी शिल्लक कर्जाच्या ०.३५ टक्के शुल्क, म्हणजे सुरुवातीला महिन्याला सत्तरेक डॉलर. हे शुल्क पीएमआयसारखं ठरावीक टप्प्यावर थांबत नाही, कर्ज असेपर्यंत चालतं. २० टक्के भरून साधं कर्ज घेतलंत तर हप्ता १,२१५ च्या आसपास. महिना जवळजवळ चारशे डॉलरचा फरक आहे, तो काही लहान नाही. दीर हेच सांगत असतील तर त्यांचं गणित चूक नाही.

पण त्या गणितात क्लोजिंगच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या खात्यात उरतात चार हजार डॉलर. आणि घर आहे विहिरीचं, सेप्टिकचं. शहरातल्या घरात नळाला पाणी आलं नाही की आपण पालिकेला फोन करतो. इथे विहिरीचा पंप बंद पडला की पालिका तुम्हीच. सेप्टिकचं मुरवण क्षेत्र, म्हणजे टाकीतलं पाणी जमिनीत जिरतं ती जागा, बसलं तर खर्च चार आकड्यांत थांबेलच असं नाही. हिवाळ्यात फर्नेसने मान टाकली, तर सोमवारपर्यंत थांबता येत नाही. म्हणून मी म्हणते, चारशे डॉलर जास्त गेले तरी चालतील, पण खात्यात पंधरा-वीस हजार हवेत. पुढे दर उतरले आणि घरात तुमचा वाटा वाढला की रिफायनान्स करून, म्हणजे नवं कर्ज घेऊन हे जुनं फेडून, ते वार्षिक शुल्कही काढून टाकता येईल. या कर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंड नसतो.

एकच अट. पाच वर्षं तिथून हलायचं नसेल तरच. कोलंबसच्या कारखान्यांतून लोकांच्या पुण्याला, कधी दुसऱ्या राज्यात बदल्या होतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. शून्य भरून घेतलेलं घर दोन वर्षांत विकावं लागलं तर एजंटचं कमिशन आणि बाकी खर्च जाऊन खिशातले पैसे घालावे लागतील. यजमानांच्या मनात बदलीचा विषय घोळत असेल तर भाड्याच्याच घरात राहा. इथे मी ठाम आहे.

घराबद्दल. बँकेचा अप्रेझर येतो तो किंमत ठरवायला आणि सरकारच्या किमान अटी बघायला. त्याला घराची तपासणी समजू नका, स्वतःचा इन्स्पेक्टर लावा. विहिरीच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत जाईलच. विहीर सेप्टिकच्या टाकीपासून ५० फूट आणि मुरवण क्षेत्रापासून १०० फूट लांब असावी असा दंडक आहे. जुन्या घरांत नेमकं इथे अडतं, म्हणून काउंटीच्या आरोग्य खात्याकडे त्या सेप्टिकचा नकाशा मिळतो का ते विचारा. टाकी शेवटची कधी उपसली ते विक्रेत्याला लेखी विचारा, तीन ते पाच वर्षांनी उपसायची असते. आणि तुम्ही दोघं एकदा पावसानंतर जाऊन मागच्या गवतावर चाला. बाकी लॉन कोरडं असताना एकाच पट्ट्यात गवत गडद हिरवं, पायाखाली लचलचीत आणि वास येत असेल, तर इन्स्पेक्टरच्या आधी तुम्हालाच कळेल. प्रोपेनची टाकी असेल तर ती घराबरोबर येते की गॅस कंपनीच्या भाड्याची आहे, हेही करारात यायला हवं. आणि रॅडॉनची (जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सारी वायू) चाचणी इन्स्पेक्टरकडूनच करून घ्या, विसरू नका.

कोठाराविषयी पत्रात अर्धंच वाक्य आहे, पण मला शंका आली. यजमानांच्या मनात तिथे लोकांच्या बोटी, कॅम्पर ठेवून भाडं घ्यायचं असेल तर आताच सोडून द्या. हे कर्ज राहत्या घरासाठी आहे, कमाईच्या जागेसाठी नाही. स्वतःचं लॉनमोअर आणि मुलांच्या सायकली ठेवा, हरकत नाही.

क्लोजिंगचा खर्चही खिशातूनच द्यावा लागेल असं नाही. घराचं मूल्यांकन किमतीपेक्षा जास्त आलं, तर त्या फरकात क्लोजिंगचा खर्च कर्जात घालता येतो. हे साध्या कर्जात सहसा चालत नाही. विक्रेत्याकडूनही ६ टक्क्यांपर्यंत मदत घ्यायला परवानगी आहे. घर बरेच दिवस बाजारात पडून असेल तर एजंटला आधी हे मागायला सांगा, किमतीवर दोन हजारांची घासाघीस नंतर.

बँक निवडताना "तुम्ही यूएसडीए करता का" एवढंच विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. मागच्या वर्षभरात अशी किती कर्जं पूर्ण केली ते विचारा. क्रेडिट स्कोअर ६४० च्या वर असेल तर संगणकाकडून मंजुरी सोपी जाते, खाली असेल तर माणूस बसून कागद तपासतो. बँकेची मंजुरी झाली की फाइल यूएसडीएकडे जाते आणि तिथून हमीचं पत्र येईपर्यंत क्लोजिंग होत नाही. करारात तारीख थोडी सैल ठेवा. वॉशिंग्टनमध्ये बजेटवरून सरकार बंद पडलं की ही पत्रंही अडकतात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात कामकाज ४३ दिवस ठप्प होतं, तेव्हा बऱ्याच जणांच्या सामानाच्या खोक्यांवर धूळ बसली. १ ऑक्टोबरला नवं आर्थिक वर्ष लागतं, त्या सुमाराची क्लोजिंगची तारीख शक्यतो टाळा.

तुमच्या ओळखीत कोणी एच-१बीवर असेल आणि तुमचं ऐकून उत्साहाने अर्ज करायला निघालं, तर थांबवा. या कर्जाला नागरिकत्व किंवा ग्रीन कार्डसारखा दर्जा लागतो. एफएचए या दुसऱ्या सरकारी योजनेचा साडेतीन टक्के डाउन पेमेंटचा मार्ग पूर्वी व्हिसावाल्यांना खुला होता, तोही २५ मे २०२५ पासून बंद झाला. त्यांच्यासाठी साधं कर्जच उरतं, आणि तिथे काही वेळा ३ टक्क्यांतही काम होतं.

राहता राहिला सासूबाईंचा मान. त्यांना "तुमचे पैसे नकोत" असं म्हणू नका, ते लागेल. नियम सांगा: तुमचे पैसे आले की आमचं कर्ज नाकारतील. हे खरंच आहे. घर झाल्यावर त्यांना स्वयंपाकघरासाठी काही घ्यायचं असेल तर घेऊ द्या, दहा लाखांच्या आत टीसीएसची भानगडही नाही. क्लोजिंग होईपर्यंत मात्र त्यांच्याकडून एक डॉलरही खात्यात येऊ देऊ नका, तुम्हीही नवी गाडी किंवा फर्निचर हप्त्यावर घेऊ नका. बँक शेवटच्या आठवड्यात क्रेडिट पुन्हा बघते.

यजमानांचं कामावर जाणं-येणं हायवे ७ वरून होईल. जानेवारीतल्या एखाद्या बर्फाच्या सकाळी दोघांनी एकदा ते अंतर गाडीने कापून बघा, आणि मुलांच्या नव्या शाळेची बस घरापर्यंत येते का तेही विचारा. तुमची नोकरी कोलंबसच्या शाळेत असेल तर दुसऱ्या गाडीचा खर्च हप्त्यात धरलाय का? पत्रात तो दिसत नाही.

क्लोजिंगच्या टेबलावर सेल्स डिस्क्लोजरचा, म्हणजे विक्रीच्या माहितीचा, फॉर्म समोर येईल. त्यात होमस्टेडचा, म्हणजे राहत्या घराच्या करसवलतीचा, रकाना भरला गेलाय का ते स्वतः बघा. इंडियानात राहत्या घराचा मालमत्ता कर घराच्या ठरवलेल्या मूल्याच्या १ टक्क्यापुरता मर्यादित असतो, होमस्टेड नसेल तर हीच मर्यादा २ टक्के होते. टायटल कंपनीवाल्यांवर सोडून देऊ नका, नंतर काउंटीच्या ऑडिटरकडे फोन करून नोंद झाल्याची खात्री करून घ्या.